नर की मादी: रंगापेक्षा पोटाखाली पाहावे

फोंड्याच्या आमच्या घरी एंजल माशांची ‘जोडी’ आणली, तेव्हा मोठा तो नर आणि लहान ती मादी, असे दुकानदाराने छातीठोकपणे सांगितले होते. चतुर्थीच्या सुमारास त्यांनी फिल्टरच्या नळीवर अंडी घातली आणि घरात आनंदीआनंद झाला. परंतु दोन दिवसांत सगळी अंडी पांढरी पडून त्यांवर कापसासारखी बुरशी चढली. पाणी बिघडले असावे, असे समजून मी ते दोनदा बदलले. तिसऱ्यांदाही तेच घडू लागले, तेव्हा मात्र भिंग घेऊन टाकीसमोर बसलो.

एंजलमध्ये अंडी घालण्याच्या एकदोन दिवस आधी पोटाखाली एक इवलीशी नळी बाहेर येते. नराची नळी बारीक व टोकदार असते, मादीची जाड आणि बोथट. आमच्या दोघांच्याही नळ्या बोथटच होत्या. पहिलीने अंड्यांची ओळ घातली, की दुसरी मागून येऊन तिच्याशेजारी आपली ओळ घालत असे. नर जवळ नसला, तरी दोन माद्या अशी जोडी जमवतात; पण ती अंडी फळत नाहीत, म्हणूनच आमची पांढरी पडत होती. आकारावरून केलेला अंदाज येथे फसतो.

गप्पी त्या मानाने सोपा. विहिरीत डासांच्या अळ्या खाण्यासाठी सोडतात, तोच हा मासा. नर रंगीत, हे खरे असले तरी हल्ली माद्यांच्या शेपट्याही रंगीत मिळतात. म्हणून गुदद्वारामागचा पर पाहावा. मादीचा तो पर पंख्यासारखा त्रिकोणी असतो, तर नराचा काडीसारखा लांबट असून मागे वळलेला असतो. मोली, प्लॅटी, स्वोर्डटेल यांनाही हीच खूण लागू पडते. पिल्लांतले नर ओळखता येऊ लागताच वेगळे करावेत, कारण मादी नराचे शुक्राणू काही महिने साठवून ठेवते आणि नंतर एकटी ठेवली तरी पिल्ले देत राहते.

गोल्डफिशचा नर विणीच्या काळात कल्ल्यांच्या झाकणांवर उठणाऱ्या पांढऱ्या पुटकुळ्यांवरून कळतो. तो रोग समजून औषध ओतू नये.

आपल्या गोव्याच्या खाजणातले, म्हणजे खाडीकाठच्या मचूळ पाण्याच्या शेतजमिनीतले, काळुंदर मासेही एंजलच्याच कुळातले, आणि विणीचा काळ सोडला तर त्यांतील नर-मादीही वरून ओळखणे कठीणच. अर्थात आमच्या स्वयंपाकघरात हा प्रश्न सुरीने सुटतो: गाबोळी (पोटातली अंडी) निघाली, की ती मादी.

एंजलची तयार जोडी मात्र मी आता मागत नाही. यंदा सहा लहान पिल्ले एकत्र आणली, म्हणजे मोठी झाल्यावर ती आपापली जोडी निवडतील. गेल्या आठवड्यापासून त्यांतील दोघे एका रुंद पानाभोवती इतरांना फिरकू देत नाहीत. भिंग टाकीशेजारीच ठेवले आहे.