गाठ आतड्यात, सगळ्यांचं लक्ष शुगरवर

कोलोनोस्कोपीत मोठ्या आतड्यात गाठ निघाली, तेव्हा मधुमेह माझ्या डोक्यातही नव्हता. १४ वर्षांचा जुना पाहुणा. गोळ्या चालू आहेत ना, मग झालं, असा माझा खाक्या.

भूलतज्ज्ञांनी मात्र फाईल उघडल्या उघडल्या एचबीए१सी, म्हणजे मागच्या तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी सांगणारी तपासणी, शोधलं. ९.४. म्हणाले, "आठच्या खाली हवं होतं. पण कॅन्सर आहे, तीन महिने थांबता येणार नाही. रोजची शुगर तरी ताळ्यावर आणू." मग इन्शुलिन सुरू. सर्जननी कारण सांगितलं. गाठीचा भाग कापून आतड्याची दोन टोकं जोडतात. शुगर चढलेली असली की पांढऱ्या पेशी सुस्तावतात, जंतूंचं फावतं आणि जखम भरायला वेळ लागतो. आतला जोड सुटला तर मळ पोटात पसरतो. एवढं ऐकल्यावर मी निमूटपणे टोचून घेऊ लागलो.

डापाग्लिफ्लोझिन ही मधुमेहाची गोळी ऑपरेशनच्या तीन दिवस आधी बंद केली. त्या गोळीमुळे शुगर ठीक दिसत असतानाही रक्तात आम्ल साठू शकतं म्हणे. मेटफॉर्मिन ऑपरेशनच्या सकाळी घ्यायचं नव्हतं. घोटाळा मी ग्लिमेपिराइडचा केला. ती गोळी खाणं नसतानाही शुगर खाली ओढते. आदल्या दिवशी पोट साफ करायचं औषध आणि नुसती पातळ पेयं, तरी सवयीने ती गोळी गिळली. रात्री संडासातून बाहेर आलो तो घामाने भिजलेला, हात थरथरत होते. ग्लुकोमीटरवर ५८. ग्लुकोजचं पाणी पिऊन पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासलं, तेव्हा कुठे आकडा वर सरकला.

ऑपरेशननंतर उलटंच. पोटात कण नाही आणि शुगर २३८! शरीरावर ताण आला की कॉर्टिसोल, अॅड्रेनलिन वाढतं आणि यकृत साखर ओतत राहतं. सलाईनमधून इन्शुलिन, दर तासाला बोटाला सुई. १०० ते १८० मध्ये ठेवायचं होतं. सिस्टर बोटाच्या टोकाला न टोचता कडेला टोचायच्या, तिथे कमी दुखतं. १४ वर्षांत हे मला कुणी सांगितलं नव्हतं, मीही विचारलं नव्हतं.

जोड टिकला. सहाव्या दिवशी वरच्या जखमेतून पाणी यायला लागलं. दोन टाके सोडले, तीन आठवडे रोज ड्रेसिंग, आणि त्यापायी किमो लांबली. सातव्या आठवड्यात सुरू झाली, तर उलटी होऊ नये म्हणून दिलेल्या डेक्सामेथासोन या स्टेरॉइडने शुगर ३०० पार. किमोतल्या ऑक्सॅलिप्लॅटिन या औषधाने बोटांना मुंग्या येतात. माझ्या पायांना त्या मधुमेहाने आधीपासूनच होत्या, त्यामुळे डॉक्टर दर वेळी शर्टाची बटणं लावता येतात का विचारायचे. चौथ्या वेळी वरचं बटण जमेना. डोस कमी केला.

एकदा धीर करून विचारलं, "मधुमेहामुळे मी लवकर जाणार का?" डॉक्टरांनी गोड बोलून वेळ मारून नेली नाही. कॅन्सर परत येणं मुख्यतः तो किती पसरलाय, लसिका गाठींत पोचलाय का, यावर ठरतं. पण या कॅन्सरनंतर मधुमेही माणसं एकूणात थोडी जास्त दगावतात, आणि त्यातली बरीच हृदयाने. त्या दिवशी चिठ्ठीवर कोलेस्टेरॉलची गोळी वाढली.

आता सीईए (कॅन्सर परततोय का यावर नजर ठेवणारी रक्ततपासणी) आणि एचबीए१सी एकाच सुईत काढतात. शेवटचं एचबीए१सी ७.१. पुढच्या महिन्यात वर्षाची कोलोनोस्कोपी आहे. कुठली गोळी कधी बंद करायची, ते या वेळी लिहून घेतलंय आणि कागद डबीलाच चिकटवलाय.