तुम्ही विचारलंत म्हणून: तवांगला जाऊन बुमला का नाही केलंत?

पोवई नाक्यावर, लग्नाच्या पंगतीत, बँकेच्या रांगेत, कुठंही गाठून लोक हेच विचारतात. विचारणाऱ्याच्या मोबाईलमध्ये अरुणाचलातल्या तवांगच्या वर, चीनच्या सीमेवरच्या बुमला खिंडीतला, १५,२०० फुटांवरचा स्वतःचा फोटो असतो. "तवांगपर्यंत गेलात आणि तेवढंच राहिलं?" मी आजवर "रस्ता बंद होता" असं सांगत आलो. ते खोटं आहे. रस्ता चालू होता आणि परवाना माझ्या खिशात होता.

आबा फौजेत होते, हे साताऱ्यात सांगायची गरज नाही. इथं घराघरातून माणूस गेलेला आहे. तवांग म्हटलं की सगळे १९६२ चं चीनशी झालेलं युद्ध काढतात. आबांचं तवांग १९८६-८७ चं. सुमदोरोंग चूच्या काठावर चिनी येऊन बसले आणि आपली फौज समोर जाऊन उभी राहिली, तेव्हा आबा तवांगपलीकडच्या, सीमेजवळच्या झेमिथांगच्या बाजूला होते. गोळी चालली नाही, म्हणून त्याची फारशी आठवण कुणी काढत नाही. आबा काढतात. न्यामजांग चू नदी, गोरसामचा पांढरा स्तूप, १९५९ साली दलाई लामा ज्या वाटेनं भारतात आले ती वाट. आम्ही लहानपणापासून हेच ऐकत आलो.

म्हणजे आबांना जायचं होतं झेमिथांगला. बुमला मला पाहिजे होतं.

हे लिहायला मला दोन वर्षं लागली. झेमिथांग तवांगपेक्षा खाली आहे, सात हजार फुटांच्या आसपास. पण जाऊन-येऊन अख्खा दिवस जातो आणि माझ्याकडे तवांगात दोनच दिवस होते. मी म्हणालो, "आबा, आधी बुमला करू, मग वेळ उरला तर तिकडं." आबा "बरं" म्हणाले. रोज पहाटे अजिंक्यतारा चढून येणारा एकाहत्तर वर्षांचा माणूस. त्यांना काय होणार, असं मी धरून चाललो. चढायची सवय आणि विरळ हवा यांचा एकमेकांशी संबंध नाही, धडधाकट माणसालाही विरळ हवा बाधते, हे मला ठाऊक नव्हतं असंही नाही. वाचलं होतं.

ऑक्टोबर २०२३. खालच्या दिरांगहून निघून १३,७०० फुटांवरची सेला खिंड ओलांडली आणि संध्याकाळी तवांगात उतरलो. रात्री आबा खोकत होते. पहाटे मी त्यांच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला. ७६ आला. तवांगच्या दहा हजार फुटांवर नव्वदीच्या आसपास दिसला तर कुणी घाबरत नाही, पण ७६ म्हणजे फारच कमी. मी मशीन बंद केलं. आबांनी विचारलं, "किती?" मी म्हणालो, "ठीक आहे."

गार बोटांवर आकडा कमी येतो, हे खरं आहे. मी स्वतःला तेच सांगितलं. पण मग हात चोळून परत का नाही लावला? याचं उत्तर मी स्वतःलाही दिलेलं नाही.

खाली सुमो आली आणि आम्ही बुमलाकडं निघालो. तासाभरानं, वाटेवरच्या तळ्यांच्या अलीकडं, आबा बसल्या जागी धापा टाकायला लागले. ओठ निळसर झाले होते. ड्रायव्हरनं न विचारता गाडी फौजेच्या एका तळाकडे वळवली. एमआय रूममध्ये, म्हणजे फौजेच्या छोट्या दवाखान्यात, एका पोरसवदा जवानानं नाकाला ऑक्सिजन लावला आणि हिंदीत एवढंच म्हणाला, इथं थांबू नका, खाली न्या. परतताना आबा डोळे मिटून होते. तवांग जवळ आल्यावर बोलले.

"आकडा किती आला हुता रं?"

"शहात्तर."

"मग सांगितला का न्हाईस?"

मी गप्प. थोड्या वेळानं तेच म्हणाले, "मलाबी कळलं हुतं. आम्हाला वर नेताना आधी सहा दिस खालीच थांबवायचे, त्येच्यावर चार. तू एका रातीत निघालास. पर तुला जायाचं हुतं न्हवं."

तिथून पुढचे तीन दिवस आम्ही तवांगच्या दवाखान्यात काढले. खाली उतरायला हवं होतं, पण साताऱ्याच्या दिशेनं उतरायचं तर परत सेला चढायचा. नुसत्या त्या विचारानंच माझे हातपाय गार पडायचे. चौथ्या दिवशी गाडीत सिलिंडर ठेवून निघालो, आणि सेलावर मी आबांच्या नखांवरची नजर हलवली नाही.

तेव्हा "काय काय पाहिलंत?" याचं उत्तर असं: १६८०-८१ साली बांधलेला मठ मी पाहिला, एकट्यानं, अर्धा तास, आबा झोपलेले असताना. आतली बुद्धमूर्ती एवढी उंच की मान मागं टाकावी लागते. सहावे दलाई लामा जिथं १६८३ मध्ये जन्मले ते उर्गेलिंग राहिलं. युद्धस्मारकही राहिलं, आणि ते आबांना न दाखवता आलो याची बोच जास्त आहे. दुपारी चार-साडेचारलाच तिथं उन्हं कलायला लागतात. दवाखान्याच्या खिडकीतून मठाची पिवळी छपरं दिसायची. आबा ती बघत पडून असायचे. मला वाटतं त्या तीन दिवसांत त्यांना तवांग माझ्यापेक्षा जास्त भेटलं. पण हे मी स्वतःच्या समाधानासाठी म्हणत असेन.

मार्च २०२४ मध्ये सेलाचा बोगदा सुरू झाला. तेव्हापासून आबा म्हणतात, "आता माथ्यावरून जायाचं न्हाई. दिरांगात थांबू चार दिस, मग झेमिथांग. बुमला तू कर, मी खाली बसतो." मी त्यांना सांगतो की बोगदासुद्धा तेरा हजार फुटांवर आहे. ते म्हणतात, पाच मिनिटांत पार होतो. आई या विषयावर उठून आत जाते.

तिकिटं मी काढलेली नाहीत. आबांना नाही असंही म्हणालेलो नाही.