मघाचं पाणी टाकीत पडलं: पत्र्यावरच्या पावसाचा अपडेट

भरली एकदाची टाकी, पत्र्यावरचं पावसाचं पाणी प्यायला साठवायची. मागच्या वेळी लिहिलं तेव्हा नुसता जाळीचा सांगाडा उभा होता आणि गवंडी लग्नसराईत गायब झालेला. आता पडवीच्या मागे फेरोसिमेंटची (तारेच्या जाळीवर सिमेंट लिंपून केलेली) अडीच मीटर व्यासाची, अडीच मीटर उंच टाकी उभी आहे, साधारण 12,000 लिटरची, आणि ती काठोकाठ भरलीय मघा आणि पूर्वाच्या पावसाने. जून-जुलैचं पाणी मुद्दाम ठेवलं नाही. त्यावरून घरात नि वाडीत भरपूर ऐकून घेतलं ("एवढा पाऊस सांडतोय आणि हा खालचा नळ उघडून बसलाय!"), म्हणून आधी तेच सांगतो.

नवीन मंडळींसाठी हिशोब परत एकदा. घर संगमेश्वर तालुक्यात. वर्षाला 3000 मिमीच्या वर पाऊस, आणि तरी मे महिन्यात वाड्यावाड्यांवर पाण्याची बोंब, कारण जांभा दगड पाणी धरूनच ठेवत नाही, वरून पडलं की झिरपून खाली चाललं, विहिरी शिमगा उलटला की तळ दाखवायला लागतात. आता 1 चौरस मीटरवर 1 मिमी पाऊस म्हणजे 1 लिटर. माझा पडवीचा पत्रा 40 चौरस मीटर, उडालेलं-सांडलेलं वजा जाता 85 टक्के धरा, म्हणजे वर्षाला लाखभर लिटर त्या एवढ्याशा पत्र्यावरून येतं. आणि लागतं किती? फक्त प्यायला आणि रांधायला, चार माणसं, दिवसाला 40 लिटर. ऑक्टोबर ते जूनचा मध्य म्हणजे साडेआठ महिने, झाले 10,200 लिटर, त्यावर शिमग्याला आणि मे महिन्यात येणारे चाकरमानी. म्हणून 12,000. एवढं भरायला साडेतीनशे मिमी पाऊस बास, आमच्याकडे सुरुवातीचे दोन महिने सोडून दिले तरी तेवढा हमखास मिळतो. माण-खटावला ही चैन नाही, तिथे पडेल तो थेंब धरायलाच हवा. पण कोकणात राहून मृगाचा पहिला पाऊस वर्षभर प्यायला साठवणारे लोक बघितले की मला कमाल वाटते.

कारण जूनमध्ये पत्र्यावर काय असतं ते बघा ना. आठ महिन्यांची धूळ, पक्ष्यांची घाण, वांदरांची त्याहून जास्त, काजूचा पालापाचोळा, आंब्याचा मोहोर गळून चिकटलेला. मघा नक्षत्र लागतं 16-17 ऑगस्टच्या सुमाराला, तोवर दोन महिने धो धो पावसाने पत्रा, पन्हळ, पाइप सगळं आपोआप धुतलेलं असतं. गुजरातेत मघाचं पाणी भरून ठेवायची जुनी चाल आहे, त्यामागे नक्षत्राचा महिमा असेल नसेल, पण छप्पर तोवर स्वच्छ झालेलं असतं हे नक्की. फार उशीर करून मात्र चालत नाही, हस्ताचा पाऊस बेभरवशाचा, विजांसकट एक दिवस झोडपेल आणि मग आठवडाभर तोंड दाखवणार नाही.

मग जून-जुलैत टाकीचं काय केलं, तर तिला धुतलं. नवीन सिमेंटच्या टाकीतलं पहिलं पाणी चुन्यासारखं लागतं, पीएच (आम्ल की अल्कली ते सांगणारं माप) बघायची पट्टी बुडवली तर 9 च्या वर रंग गेला. पावसाचं पाणी मुळात किंचित आम्लधर्मी, क्षार जवळजवळ नाहीतच, त्यामुळे ते सिमेंटमधला चुना अधाशासारखं ओढून घेतं. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक आहे आयएस 10500, त्यात पीएच 6.5 ते 8.5 सांगितलाय. शिवाय पीएच चढला की क्लोरीनचं काम मंदावतं, म्हणजे दोन्हीकडून मार. म्हणून भर, काही दिवस ठेव, सोडून दे, आतून ब्रशने घास, परत भर, असं चाललं होतं. फुकटचं क्युरिंग (सिमेंट ओलं ठेवून पक्कं करणं) झालं ते वेगळंच. मे महिन्यात गोणपाट भिजवायला विकतच्या टँकरचं पाणी वापरलं होतं, त्या बिलाचं नाव काढू नका. आता पीएच 8 च्या आसपास स्थिरावलाय.

फर्स्ट फ्लशकडे, म्हणजे पत्र्यावरचं पहिलं घाण पाणी टाकीबाहेर काढण्याकडे वळतो, सगळ्यात जास्त प्रश्न त्यावरच येतात. 40 चौरस मीटरला पहिला 1 मिमी टाकून द्यायचा म्हणजे 40 लिटर. 110 मिमीच्या पाइपात मीटरमागे जेमतेम साडेआठ लिटर मावतं, म्हणजे पावणेपाच मीटर पाइप लागणार, तेवढी उंचीच नाही आमच्या पडवीला. मी 160 चा पाइप घेतला, मीटरला 18 लिटर, सव्वादोन मीटरमध्ये काम झालं. पन्हळीतून येणारं पाणी टी आकाराच्या जोडातून आधी या उभ्या पाइपात पडतं, तो भरत आला की आतला रबरी चेंडू तरंगत वर जाऊन तोंड बंद करतो आणि मग पुढचं पाणी टाकीकडे वळतं. खाली एंड कॅपला (पाइपाच्या बुचाला) बारीक भोक, थेंब थेंब गळत राहतं, पावसाने उघडीप दिली की पाइप आपोआप रिकामा होऊन पुढच्या सरीला तयार. जूनमध्ये पहिल्यांदा कॅप उघडली तेव्हा काळा, शेणासारखा गाळ बदकन पडला, त्यात पालीच्या अंड्यांची टरफलं, एक पीस, काजूच्या पानाच्या शिरा, आणि वास असा की आईने खिडकी लावून घेतली. ऑगस्टात तीच कॅप उघडली तर चहाच्या रंगाचं पाणी आणि चिमूटभर माती. टाकी कधी भरायची याचं उत्तर मला तिथेच मिळालं.

टाकीत पाणी पडतं तो पाइप थेट तळाशी नेऊन तोंड वर वळवलंय, म्हणजे खालचा गाळ ढवळत नाही. नळ तळापासून वीतभर वर. ओव्हरफ्लोला आणि हवेच्या पाइपाला बारीक जाळी, नाहीतर डासांचा कारखानाच. आत उजेड अजिबात नाही, त्यामुळे शेवाळ नाही. कान्हेरीच्या लेण्यांत जाऊन बघा, कातळात पन्हळी खोदून पावसाचं पाणी टाक्यांत वळवलंय, आणि टाकीही कातळाच्या पोटात, सावलीत. आपण त्यात फक्त प्लास्टिकचे एल्बो वाढवले.

वाळू-कोळशाचा ड्रम फिल्टर मी लावला नाहीये आणि लावणारही नाही. वाळूतून जंतू अडवायचे तर पाणी अगदी सावकाश जायला हवं आणि वाळू कायम ओली राहून तिच्यावर जंतू खाणारा सजीव थर तयार व्हायला हवा. आषाढातला लोंढा ड्रममधून धबाधब जातो तेव्हा यातलं काहीच होत नाही, काडीकचरा तेवढा अडतो, तो जाळीनेही अडतो. उलट ड्रम साफ केला नाही तर आतच कुजतं सगळं.

आता टेस्ट. एच2एस व्हायल (पाण्यात विष्ठेतले जंतू असावेत का ते दाखवणाऱ्या छोट्या बाटल्या) आणल्या होत्या, खुणेपर्यंत पाणी भरायचं, झाकण लावायचं, एक-दोन दिवस उबदार जागी ठेवायचं, काळं पडलं तर पाणी नापास. जूनचं फर्स्ट फ्लशचं पाणी रात्रीतच डांबरासारखं काळं, पन्हळीचं जुलैचं पाणी दुसऱ्या दिवशी काळपट, आणि टाकीतलं आताचं, आठवडाभर निवळू दिलेलं पाणी, दोन दिवसांनीही तसंच. पण खरी मजा पुढे आहे. स्वयंपाकघरातल्या हंड्यातलं पाणी काळं पडलं! त्याच टाकीचं पाणी! हंड्यात येणारा-जाणारा तांब्या बुडवतो, बोटांसकट. आता हंडा बंद, नळ असलेलं स्टीलचं पिंप आणलं, त्यातला नमुना पास. टाकीवर हजारो रुपये घालून शेवटच्या हातभर अंतरावर पाणी बिघडतं ते असं.

तरी व्हायल पास झाली म्हणून पाणी तसंच पीत नाही. ती टेस्ट अंदाज देते, हमी देत नाही. मोठ्या टाकीत क्लोरीन टाकत नाही, काही दिवसांत उडून जातं. रोज पिंपात तेवढ्यापुरतं मेडिक्लोर (क्लोरीनचं द्रावण), बाटलीवरच्या मापाने, आणि अर्धा तास थांबायचं. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडून ओटी टेस्ट (पाण्यात क्लोरीन उरलंय का ते बघायची) करून घेतली, पिवळा रंग आला, 0.2 मिग्रॅ प्रति लिटरच्या वर. (ते रसायन टाकलेलं पाणी प्यायचं नाही, ओतून टाकायचं.) पावसाळ्यात रोजच्या वापराच्या 1000 लिटरच्या टाकीला टीसीएल (ब्लीचिंग पावडर) वापरली, 5 ग्रॅम, पावडर 30 टक्क्यांची धरली तर लिटरला दीड मिग्रॅ क्लोरीन पडतं. ती सरळ टाकू नका, बादलीत कालवा, चुना खाली बसू द्या आणि वरची निवळी ओता. पुडी उघडी राहिली की जोर जातो तिचा. आजीला क्लोरीनचा वास आवडत नाही, तिच्यासाठी उकळून गार केलेलं वेगळं.

टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मोजणाऱ्या मीटरवाल्यांना हात जोडून विनंती. पावसाच्या पाण्याचा टीडीएस कमीच येणार, तो मीटर जंतू मोजत नाही. पाहुणे आले की मीटर बुडवून "बघा किती शुद्ध" म्हणणारे आमच्या वाडीतही आहेत. आणि या पाण्यावर आरओ लावायला सांगणारा विक्रेता भेटला तर त्याला चहा पाजून वाटेला लावा, काढायला क्षारच नाहीत तर मशीन काढणार काय? उलट डाळ बघा कशी शिजते या पाण्यात.

राहिलेली कामं: पन्हळीवर आलेली फणसाची फांदी तोडायचीय, वांदरं तिथूनच पत्र्यावर उतरतात. ओव्हरफ्लोचं पाणी सध्या वाया जातंय, ते पोफळींकडे वळवायचंय. आणि टाकीत पाणी किती उरलंय हे झाकण न उघडता कळायला हवं. बाहेरून पारदर्शक नळी लावली तर उजेडाने तिच्यात शेवाळ धरेल, म्हणून आत तरंगणारा डबा आणि कप्पीवरून बाहेर लटकणारं वजन असा विचार चाललाय. पण दोरी जिथून आत जाते त्या भोकातून डास जाऊ नयेत म्हणून काय करता, कुणी केलं असेल तर फोटो टाका.