ट्वायफेलफॉन्टेनची दगडावरची चित्रं बघायला गेलो त्याचा अनुभव

उक्षी, बारसू, देवाचं गोठणं, काशेळीचा तो अवाढव्य हत्ती, रत्नागिरी-राजापूरच्या सड्यांवरची, म्हणजे उघड्या कातळाच्या माळांवरची कातळशिल्पं बघून झाल्यापासून आफ्रिकेतली अशी एखादी जागा प्रत्यक्ष बघायची फार इच्छा होती. शेवटी नामिबियातलं ट्वायफेलफॉन्टेन ठरवलं आणि आम्ही दोघं जाऊन आलो. कसं केलं असं बरेच जण विचारतायत म्हणून लिहितेय.

आधी कागदपत्रं. व्हिसाचे नियम बदलत असतात, ते तिकीट काढायच्या आधीच बघा. आम्ही मुंबईहून इथिओपियातल्या अदिस अबाबामार्गे नामिबियाच्या राजधानीला, विंडहुकला गेलो, आणि इथिओपिया यलो फीव्हरचा धोका असलेल्या देशांच्या यादीत आहे, त्यामुळे ती लस घेऊन ठेवली, कारण परत येताना आपल्याच एअरपोर्टवर सर्टिफिकेट मागू शकतात. ही लस सरकारमान्य सेंटरवरच मिळते आणि सर्टिफिकेट १० दिवसांनंतर लागू होतं, म्हणजे आदल्या आठवड्यात पळापळ करून काही होत नाही. गाडी स्वतः चालवणार असाल तर आरटीओतून इंटरनॅशनल परमिट काढा. तिकडेही आपल्यासारखंच डावीकडून चालवतात, त्यामुळे सवय लगेच होते.

रस्ता मात्र सवयीचा नाही. वाटेतलं खोरिक्सास गाव सोडलं की पुढे सगळी खडी आणि धूळ, वळणावर जरा स्पीड जास्त असला की गाडी सरकायला लागते. भाड्याची गाडी घेताना दोन स्टेपन्या मागून घ्या, आम्हाला एक लागलीच. पेट्रोल खोरिक्सासलाच फुल करा, पाण्याचे कॅन भरा, आणि अंधार पडायच्या आत मुक्कामी पोचा, कारण आबा-हुआब नदीच्या कोरड्या पात्रात वाळवंटी हत्ती फिरत असतात.

आता मुख्य गोष्ट. इथे गाईडशिवाय आत सोडत नाहीत. तिकीट काढायचं, वहीत नाव लिहायचं आणि गाईडबरोबरच निघायचं. पहिल्यांदा वाटतं की आपल्याला शांतपणे एकटं बघायचंय, कशाला कोण सोबत, पण अर्ध्या तासात माझं मत पूर्ण बदललं. गाईड आसपासच्याच दामारा लोकांपैकी असतात. आमची गाईड या डोंगराच्या पायथ्याशीच लहानाची मोठी झालेली, तिला एकेक दगड पाठ होता आणि कोणत्या वेळेला कुठलं चित्र उठून दिसतं तेही. चित्रं काढली ती सान शिकारी लोकांनी, किमान दोन हजार वर्षांच्या काळात, आणि आजवर दोन हजारांवर नोंदवली गेलीयत. वाळूच्या दगडावर उन्हाने आणि वाऱ्याने जो गडद लालसर थर चढतो तो कठीण दगडाने टोचून टोचून काढायचा, म्हणजे आतला फिकट रंग उघडा पडतो. आपल्या जांभ्यावरच्या खोदाईपेक्षा पद्धत वेगळी, पण रेषेतला आत्मविश्वास तोच.

जिराफ, गेंडे, शहामृग, नाचणारा कुडू (हरणासारखा प्राणी), हे सगळं आहेच. पण मी सगळ्यात जास्त वेळ उभी राहिले ती ‘सिंहमाणूस’ म्हणतात त्या सिंहाच्या चित्रापाशी. सिंहाच्या पंजाच्या ठशात चार बोटं उमटतात, इथे प्रत्येक पंजाला पाच बोटं आहेत आणि शेपूट लांबलचक. हा सिंह म्हणजे समाधीत जाऊन प्राण्याचं रूप घेतलेला सान वैदू असावा असं अभ्यासक मानतात. दुसऱ्या एका दगडावर सील आणि पेंग्विनसारखा पक्षी, आणि समुद्र तिथून शंभरेक किलोमीटर लांब! म्हणजे ही माणसं तेवढी हिंडत होती, बघून लक्षात ठेवत होती.

जपणुकीबद्दल खूप विचारलं मी तिला. ही जागा १९५२ मध्येच राष्ट्रीय स्मारक झाली होती पण नंतर बरीच वर्षं जाग्यावर राखण अशी नव्हती, लोक चढायचे, नावं कोरायचे, आणि चित्र फोटोत गडद यावं म्हणून वर पाणी ओतायचे. पाण्याने दगडातले क्षार वर येतात आणि पापुद्रे सुटतात. आता ठरलेल्या वाटेनेच चालायचं, हात लावायचा नाही, काही चित्रं लाकडी-लोखंडी मचाणावरून बघायची. २००७ मध्ये युनेस्कोच्या यादीत आलं, नामिबियाचं पहिलंच. व्हिजिटर सेंटर तर बघाच, जुन्या तेलाच्या पिंपांचं छप्पर, जाळीत भरलेल्या दगडांच्या भिंती, उद्या सगळं उचलून नेलं तरी खाली जमीन होती तशी राहील असं बांधलंय.

फोटोसाठी पाणी, खडू काही लागत नाही हो, तिरकं ऊन लागतं. सकाळी दार उघडल्या उघडल्या किंवा दुपारी ऊन कलल्यावर जा. बाराच्या उन्हात चित्रं अक्षरशः गायब होतात आणि आपणही करपतो. आपल्याकडे सड्यांवर खडूने रेषा भरलेल्या बघून मला फार वाईट वाटतं, ती शिल्पं २०२२ पासून युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आहेत आणि बाजूलाच चिरेखाणी चालू असतात. गावातली मुलं गाईड झाली, त्यांना त्यातून बऱ्यापैकी पैसे मिळाले तर राखण आपोआप होईल, हे मी तिथे डोळ्यांनी बघितलंय.

गाईडला टीप वेगळी द्या, रोख ठेवा, दक्षिण आफ्रिकेचा रँडही चालतो. आणि एक दिवस हातात असेल तर उईस गावावरून ब्रँडबर्ग डोंगराला जा, तिथे कोरलेली नाही, रंगवलेली चित्रं आहेत, दरीतून बरंच चालावं लागतं, गाईड तिथेही सक्तीचा, तेव्हा उजाडताच निघा.