आई-बाबांपाशी पैशांचा विषय काढायचा कसा?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते आहे. लोकांचे हिशेब आणि कराची कागदपत्रं बघण्याचं काम मी बरीच वर्षं करते. काम आटोपून निघताना, दारापाशी उभं राहून हा प्रश्न मला अनेकांनी विचारला आहे: "आई-बाबांचं वय झालं. त्यांचे पैसे कुठे आहेत, कसे आहेत, आम्हाला काहीच ठाऊक नाही. विचारायला गेलो तर त्यांना वाटेल, यांचा डोळा आहे आमच्या पैशांवर. विषय काढायचा तरी कसा?"

माझं उत्तर असं, की किती आहे ते विचारूच नका. निदान आधी नको. व्यवहार कसा चालतो ते विचारा.

"तुमच्याकडे किती आहे?" या प्रश्नात, तुमच्या मनात नसलं तरी, हिशेब मागितल्याचा सूर येतो. ज्यांनी तुमची फी भरली, तुमच्या आजारपणात पैशांची जुळवाजुळव केली, त्यांच्याकडे मुलांनी हिशेब मागावा हे त्यांना लागतं. आणि खरं सांगायचं तर तो आकडा तुमच्या फारसा उपयोगाचाही नसतो. उद्या बाबांना अचानक रुग्णालयात हलवावं लागलं तर तुम्हाला काय लागेल? विम्याची पॉलिसी कुठे ठेवली आहे, रोजच्या खर्चाचे पैसे कुठल्या खात्यातून काढायचे, त्या खात्यावर आणखी कोणाची सही चालते, कुठला हप्ता कोणत्या तारखेला जातो, कोणाचं देणं बाकी आहे. यातल्या कशासाठीही एकूण शिल्लक कळावी लागत नाही.

आमच्या घरी सगळा व्यवहार बाबांकडे होता. मी त्यांना म्हटलं, "बाबा, महिन्याच्या महिन्याला तुम्ही हे सगळं कसं लावता ते मला एकदा दाखवा. तुम्हाला कधी बरं नसलं तर आईला मदत करायला मला यायला हवं." त्यांनी कपाटातून वही काढली आणि मग ते थांबेचनात. निवृत्तिवेतन कोणत्या खात्यात येतं, त्यातलं काय कुठे वळवायचं, मुदत ठेवी एकदम न करता पुढेमागे का केल्या, म्हणजे दर वर्षी एक तरी ठेव सुटते आणि अडीनडीला मोडायची वेळ येत नाही. हा माणूस इतका विचार करून संसार चालवत होता हे मला मोठेपणीही नीट माहीत नव्हतं. मी विचारत होते आणि ते शिकवत होते. रक्कम मी विचारली नाही. वहीची पानं उलटताना ती आपोआप दिसत गेली, आणि त्यांनी पान झाकलं नाही.

आई शेजारीच बसली होती. ती एकदम म्हणाली, "हे मला तुम्ही कधी सांगितलंच नाहीत." बाबा म्हणाले, "तू कधी विचारलं नाहीस."

त्या क्षणापासून मी प्रत्येकाला सांगते, की बोलायला बसाल तेव्हा दोघांनाही घेऊन बसा. जगात जवळपास सगळीकडे बायकांचं सरासरी आयुर्मान पुरुषांपेक्षा जास्त आहे. म्हणजे ज्या घरांत पैशांचं सगळं वडील बघतात, तिथे हा डोलारा पुढे बहुतेक वेळा आईवरच येऊन पडतो, तोही ती दुःखात असताना. मुलांना माहिती मिळणं चांगलंच, पण आईला ती मिळणं जास्त गरजेचं आहे. काही घरांत उलट असतं, सगळं आई बघते आणि बाबांना बँकेत जायचं धाडस होत नाही. तिथे त्यांना शिकवा.

आता, हे कधी करायचं? दोघंही ठणठणीत असताना. "अजून काही घाई नाही" असं तुम्हाला वाटतंय तीच वेळ.

यामागचं कारण मला फार महत्त्वाचं वाटतं. पैशांचे निर्णय घेताना आपण दोन गोष्टी वापरतो: आयुष्यभर साठलेला अनुभव आणि नवं पटकन समजून घेण्याची, आकडे डोक्यात खेळवण्याची शक्ती. पहिली गोष्ट वयाबरोबर वाढते, दुसरी हळूहळू उतरते. अगरवाल, ड्रिस्कॉल, गाबे आणि लेबसन या अर्थशास्त्रज्ञांनी 2009 मध्ये अमेरिकेतल्या कर्जं आणि क्रेडिट कार्डांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा लोक सर्वांत कमी चुका साधारण 53 व्या वर्षी करतात असं दिसलं. त्याआधी अनुभव कमी पडतो, नंतर दुसरी शक्ती. 2017 मधल्या दुसऱ्या एका अमेरिकी अभ्यासात (फिंक, हाउ आणि ह्यूस्टन यांच्या) साठीनंतर आर्थिक ज्ञानाच्या चाचणीतले गुण दर वर्षी सुमारे एका टक्क्याने खाली येताना दिसले. पण स्वतःच्या निर्णयांवरचा विश्वास मात्र होता तेवढाच राहिला.

हा दुसरा निष्कर्ष मी पुन्हा पुन्हा सांगते. आकलन कमी होतं आणि ते कमी झाल्याचं त्या माणसाला आतून जाणवत नाही. गुडघा दुखला की कळतं, तसं हे कळत नाही. म्हणून "त्यांना गरज वाटली की तेच सांगतील" असं धरून बसू नका. आणि ते "मला सगळं जमतंय" म्हणतात तेव्हा खोटं बोलत नसतात, हेही लक्षात असू द्या. आवाज न चढवता बोलणं त्यामुळे थोडं सोपं जातं.

स्मृतिभ्रंशाच्या बाबतीत तर पैशांचा गोंधळ बऱ्याचदा निदानाच्या कितीतरी आधी दिसतो. 2020 मध्ये 'जामा इंटर्नल मेडिसिन' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या संशोधनात अमेरिकेतल्या 80,000 हून अधिक एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांच्या वैद्यकीय आणि कर्जफेडीच्या नोंदी जोडून पाहिल्या होत्या. पुढे ज्यांना स्मृतिभ्रंशाचं निदान झालं, त्यांचे हप्ते चुकण्याचं प्रमाण निदानाच्या सहा वर्षं आधीपासूनच वाढलेलं सापडलं. घरात बघायच्या खुणा साध्या असतात. तेच बिल दोनदा भरलं जातं, न फोडलेली पत्रं साठतात, नेहमी चोख असणाऱ्या वहीत खाडाखोड वाढते, सुट्टे मोजताना गडबड होते, अनोळखी माणसाच्या गुंतवणुकीच्या गोष्टी एकदम पटायला लागतात. एखादी चूक कोणाचीही होते. पण जो माणूस आयुष्यभर असा नव्हता तो असा वागू लागला, तर आधी डॉक्टरांकडे न्या. औषधांचा परिणाम, थायरॉइड, बी-12 ची कमतरता, नैराश्य यांनीही असा विसराळूपणा येतो आणि त्यावर उपचार आहेत. अशा वेळी "तुम्हाला जमत नाही, द्या इकडे" म्हणत पासबुक ओढून घेऊ नका. त्याने ते लपवायला लागतात आणि मग काहीच कळत नाही.

कागदपत्रांचं मी थोडक्यात सांगते. एका कागदावर खाती, ठेवी, विमे, कर्जं, घराची कागदपत्रं आणि लॉकर यांची नोंद करून घ्या. कोणती वस्तू कुठे आणि कोणाच्या नावावर, एवढंच. रकमा नकोत, पासवर्ड तर नकोतच. कागदावर तारीख घाला आणि वर्षातून एकदा तो पुन्हा बघा. नॉमिनीची नावं तपासा, कारण लग्नाआधी लिहिलेलं नाव तिथे तसंच राहिलेलं मी अनेक घरांत पाहिलं आहे. नॉमिनीला पैसे हातात मिळतात म्हणून तोच मालक होतो असं सगळीकडे नसतं. मालकी मृत्युपत्राने किंवा वारसा कायद्याने ठरू शकते. तुमच्याकडचा नियम वकिलाला विचारून घ्या.

मुखत्यारपत्राबद्दल, म्हणजे आपल्या वतीने व्यवहार करायचा अधिकार दुसऱ्याला देणाऱ्या कागदाबद्दल, मात्र जरा थांबून सांगते, कारण इथे मोठा गैरसमज आहे. "बाबांना काही झालं तर मुखत्यारपत्र आहे ना" असं लोक म्हणतात. पण जुन्या कायद्याचं तत्त्व असं, की जो माणूस स्वतः निर्णय घेऊ शकत नाही, त्याच्या वतीने त्याने नेमलेला माणूसही ते घेऊ शकत नाही. म्हणजे नेमकी गरज पडते तेव्हाच तो कागद निकामी होतो. इंग्लंड आणि वेल्समध्ये 1985 च्या कायद्याने ही अडचण दूर केली. बुद्धी शाबूत नसतानाही चालू राहणारं मुखत्यारपत्र तिथे आलं आणि 2005 च्या मेंटल कपॅसिटी कायद्याने त्याला आजचं रूप दिलं. भारतात 1872 च्या करार कायद्यातलं कलम 201 अजून लागू आहे. देणारा मरण पावला किंवा त्याचं मानसिक संतुलन गेलं की मुखत्यारी संपते. म्हणून आपल्या देशात काय चालतं ते आधी समजून घ्या आणि त्याप्रमाणे जॉइंट खातं, सहीचे अधिकार, मृत्युपत्र हे आई-बाबा स्वतः सही करू शकतात तेव्हाच होऊ द्या. जॉइंट खात्यात दोघांपैकी कोणाचीही सही चालते की दोघांची लागते, हेही विचारा. दोघांची लागत असेल आणि एक जण अतिदक्षता विभागात असेल, तर दुसऱ्याला त्या खात्याचा काही उपयोग नाही.

पालकांना येणारा संशय मला कधी अवाजवी वाटला नाही. ज्येष्ठांचे पैसे लुबाडणं हा त्यांच्या छळाचाच एक प्रकार आहे असं जागतिक आरोग्य संघटना मानते, आणि हे करणारे पुष्कळदा घरातलेच असतात. आई-बाबांनी आपल्या पिढीतल्या कोणाचं तरी असं झालेलं ऐकलेलं असतं. त्यांची भीती घालवायची असेल तर भावंडांना अंधारात ठेवून काही करू नका. बोलणं झालं की त्याच दिवशी सगळ्यांना सारखंच कळवा. आई-बाबांच्या पैशातून तुम्ही काही खर्च केलात, औषधं आणली, बिल भरलं, तर पावती ठेवा आणि त्यांच्या वहीत त्यांच्यासमोर लिहा. मी माझ्या घरी हे केलं. भावाला माझ्याबद्दल शंका होती म्हणून नव्हे. बाबांना तसं स्वच्छ आवडायचं म्हणून.

फसवणुकीचे फोन हा सगळ्या घराचा विषय करा. "तुम्ही फसाल" असं म्हणू नका. आपल्या घरात एक नियम असू दे म्हणा: जो कोणी घाई करतो, कोणाला सांगू नका म्हणतो आणि पैसे पाठवायला सांगतो, त्याचा फोन ठेवायचा आणि दुसऱ्याला विचारायचं. आवाज माझा वाटला तरी ठेवायचा आणि माझ्या नेहमीच्या नंबरवर उलट फोन करायचा. हा नियम तुम्हीही पाळा आणि कधीतरी खरोखर आईला विचारा, "मला असा फोन आला होता, तुला काय वाटतं?"

आणि एक गोष्ट विचारायची लोक विसरतात: हे पैसे कशासाठी आहेत? माझी आई ऐकू कमी येत असूनही श्रवणयंत्र घेत नव्हती. कारण विचारलं तर म्हणाली, "तुम्हाला लागतील पुढे." असे किती आई-बाप मी पाहिले आहेत, जे मुलांसाठी राखून ठेवायचं म्हणून दातांचं, डोळ्यांचं, पायांचं दुखणं पुढे ढकलत असतात, आणि मुलांना त्याचा पत्ताही नसतो. मी आईला सरळ सांगितलं, "आम्हाला नको आहेत. तुझे आहेत, तुझ्या कानांवर खर्च कर." हे त्यांना ठाऊकच असेल असं गृहीत धरू नका, तोंडाने सांगा. पुढे आजारपणात कुठे राहायला आवडेल, घरी माणूस ठेवायचा की आमच्याकडे यायचं, हे घर विकलेलं चालेल का, ही बोलणी मग त्यातूनच निघतात.

एवढं करूनही काही आई-बाबा नाहीच म्हणतात. तो त्यांचा अधिकार आहे. त्यांची बुद्धी शाबूत आहे तोवर पैसा त्यांचा आणि तो सांगायचा की नाही हेही त्यांचंच. रागावू नका. त्यांना एवढीच विनंती करा, की मला नका सांगू, पण सगळं एका पाकिटात लिहून ठेवा आणि ते कुठे आहे तेवढं कोणाला तरी माहीत असू दे. वकील चालेल, मावशी चालेल, जुने मित्र चालतील. आणि त्या माणसाचा फोन नंबर तुम्ही विचारून ठेवा.