कोणती बाजू?

मंगळवार, रात्री

“कोणती बाजू?” एवढाच प्रश्न दुकानातल्या बाईंनी विचारला आणि मी क्षणाचाही विचार न करता “उजवी” असे सांगून मोकळी झाले. स्तन काढण्याची शस्त्रक्रिया डावीकडे झाली आहे. त्या उजव्या बाजूचा सिलिकॉनचा फॉर्म, म्हणजे ब्रात घालायचा कृत्रिम स्तन, घेऊन आल्या, ब्राच्या आतल्या कापडी कप्प्यात तो सरकवू लागल्या, तेव्हा कुठे ताई मागून हळूच म्हणाली, “अगं, डावी.” बाईंनी निमूटपणे दुसरे खोके उघडले. त्यांना अशा चुकांची सवय असावी. मला नाही.

खरेदी तशी नीट झाली. जखम भरेपर्यंत आणि सूज उतरेपर्यंत सिलिकॉन वापरायचे नाही असे डॉक्टरांनी बजावले होते, म्हणून गेले ६ आठवडे कापसाच्या हलक्या गादीवरच निभावले. हात मागे जात नाही, त्यामुळे हुक पुढे असलेलीच ब्रा हवी होती. तार नको, व्रणावर येणारी शिवण नको, आणि काखेतल्या गाठी काढलेल्या असल्यामुळे त्या बाजूच्या हाताला सूज येण्याची भीती कायमची, म्हणून काखेत काचणारे किंवा खांद्यात रुतणारे काहीही नको. बाईंनी पट्ट्याखाली दोन बोटे घालून पाहिली आणि नवी ब्रा सर्वांत सैल हुकावर घालायला सांगितली. इलॅस्टिक पुढे ढिले पडते, तेव्हा आतले हुक उपयोगी येतात. इतकी वर्षे मी पहिल्या दिवसापासून आतलाच हुक लावत आले. शरीर धड होते तेव्हा हे कुणी सांगितले नाही, याचा मला उगाचच राग आला.

पण मी उजवी का म्हणाले? परत येताना वाटेत मी स्वतःला समजावले, की समोर आरसा होता, म्हणून गोंधळ झाला. आता लिहिताना हे कारण टिकत नाही. आरशात माझी डावी बाजू डावीकडेच दिसते. उजवी ती तेव्हाच होते, जेव्हा समोर उभी असलेली बाई दुसरीच कुणीतरी आहे असे धरून आपण तिच्या बाजूने उत्तर देतो. म्हणजे मी तिच्याविषयी सांगत होते. त्या बिचारीचे असे झाले आहे, तिला काहीतरी मऊ दाखवा.

ह्यांना यातले काही सांगितले नाही. ते लगेच गप्प होतात, आणि मग त्यांनाच सांभाळावे लागते.

रात्री मी तो फॉर्म स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला. ३२५ ग्रॅम. दोन्ही बाजूंचा भार सारखा राहिला नाही तर ब्रा एका बाजूने वर सरकते आणि खांदाही नकळत तिरका धरला जातो, म्हणून वजन जुळवून घ्यावे लागते, असे बाई म्हणाल्या होत्या. जे गेले त्याचे वजन मला इतक्या वर्षांत कधी ठाऊक नव्हते. आता बदलीवर आलेल्याचे ग्रॅममध्ये माहीत आहे. हाताला तो आधी थंडगार लागला, नंतर अंगाच्या उबेने ऊब धरली, आणि तासाभराने मी त्याला विसरून चक्क भांडी आवरत होते. हे विसरणे बरे, की दुपारचे विसरणे वाईट, हे मला ठरवता येत नाही. “उजवी” हा शब्द किती सहज आला तोंडातून.

आत्ता खोके कपाटात ठेवायला गेले, तर ताईने झाकणावर ठळक अक्षरांत “डावी” असे लिहून ठेवलेले दिसले. चूक पुन्हा होऊ नये म्हणून तिने शेजारी एक बाणही काढला आहे. बाण उजवीकडे रोखलेला आहे. हसताना काखेत अजून ताण बसतो, म्हणून हात छातीशी धरून, पलंगाच्या कडेवर बसून मी बराच वेळ हसत राहिले.