कॉक्रेन यांची ‘स्पीडी’ : डेक बसवून झाला, आता तोफा आणि डोलकाठ्या

ब्रिटिश नौदलातील अधिकारी लॉर्ड टॉमस कॉक्रेन यांच्या ‘स्पीडी’ या ब्रिगची (दोन डोलकाठ्यांच्या लहान युद्धनौकेची) मी बनवत असलेली १:६४ प्रमाणातील प्रतिकृती आता जहाजासारखी दिसू लागली आहे. सांगाड्यावर फळ्या चढवून झाल्या असून वरचा डेकही बसला आहे. मूळ जहाज १७८२ साली डोव्हर येथे बांधले गेले. त्याच्या तोफांच्या डेकची लांबी सुमारे ७८ फूट होती, म्हणजे प्रतिकृतीत ती जेमतेम ३७ सेंटिमीटर भरते. कॉक्रेन यांना याहून मोठी आणि वेगवान जहाजे पुढे मिळाली. परंतु १८०० साली, वयाच्या चोविसाव्या वर्षी, त्यांच्या ताब्यात आलेले हे पहिले जहाज समजून घेतल्याशिवाय त्यांच्या पुढच्या कारकिर्दीचा उलगडा होत नाही, असे माझे ठाम मत आहे.

कप्तानाच्या केबिनची उंची अवघी पाच फूट होती, ती प्रतिकृतीत चोवीस मिलिमीटर येते. कॉक्रेन सहा फुटांहून उंच होते, त्यामुळे त्यांची याच प्रमाणातील आकृती तिथे ताठ उभी राहूच शकत नाही. दाढी करताना ते छतावरची झडप काढून डोके बाहेर काढत आणि डेकवरच सामान मांडत, असे त्यांनी स्वतःच नोंदवले आहे. म्हणून ही झडप मी चिकटवून न टाकता उचलता येईल अशी ठेवली आहे.

तोफा १४, आणि त्याही चार-चार पौंडी, म्हणजे चार पौंड वजनाचा गोळा फेकणाऱ्या. एका बाजूच्या सात तोफांचे गोळे मिळून २८ पौंड होतात, म्हणजे साधारण पावणेतेरा किलो. हा सगळा भार आपण कोटाच्या खिशात घालून डेकवर फिरू शकत असू, असे कॉक्रेन सांगत. जहाजाच्या पुढच्या व मागच्या टोकाला मिळून दोन बारा पौंडी तोफा बसवण्याचा त्यांचा प्रयत्नही फसला, कारण त्या चालवायला जागा नव्हती आणि जहाजाच्या लाकडाला त्यांचा भार पेलवेना. एक गोळा प्रतिकृतीत १.२ मिलिमीटरचा येतो, आणि इतके बारीक मणी एकसारखे मिळवणे हेच सध्याचे सर्वांत चिकाटीचे काम आहे.

मुख्य डोलकाठीवरच्या आडव्या काठीची लांबी ठरवताना मात्र मी बराच काळ थांबलो. मूळची काठी निकामी झाल्यावर कॉक्रेन यांनी ‘जेनेरो’ या पकडलेल्या फ्रेंच युद्धनौकेची एक काठी मागून घेतली. ती या जहाजाला फार मोठी आहे, ती कापा, असा गोदीचा हुकूम आला. तेव्हा त्यांनी तिची दोन्ही टोके नुसती रंध्याने तासून घेतली, जेणेकरून ती कापल्यासारखी दिसावी, आणि तीच काठी पुन्हा चढवली. मीही ती नेहमीच्या प्रमाणापेक्षा लांब ठेवणार आहे आणि टोकांवर ताज्या लाकडाचा फिकट रंग तसाच राहू देणार आहे.

रंगाचा प्रश्न वेगळाच आहे. स्पॅनिश जहाजांना चकवण्यासाठी ‘स्पीडी’ला ‘क्लोमर’ या डॅनिश व्यापारी ब्रिगसारखे रंगवले होते. एका स्पॅनिश फ्रिगेटीने (ब्रिगहून बऱ्याच मोठ्या युद्धनौकेने) गाठल्यावर कॉक्रेन यांनी रोगराईचे पिवळे निशाण चढवले आणि डॅनिश गणवेशातल्या माणसाकरवी, आपण प्लेगच्या बंदरातून येत आहोत, असे कळवले. फ्रिगेट तत्काळ दूर झाली. तरीही मी नौदलाचाच रंग निवडला आहे, कारण मला ६ मे १८०१ चा दिवस उभा करायचा आहे.

त्या दिवशी बार्सिलोनाजवळ ‘स्पीडी’वर ५४ माणसे होती आणि समोरच्या ‘गामो’ या स्पॅनिश फ्रिगेटीवर ३१९ माणसे व ३२ तोफा. कॉक्रेन यांनी अमेरिकन निशाण दाखवून वेळ मिळवला आणि थेट ‘गामो’च्या कुशीत शिरून आपल्या काठ्या तिच्या दोरखंडांत अडकवल्या. उंच जहाजाच्या तोफा इतक्या खाली वाकेनात. उलट ‘स्पीडी’च्या तोफा तिहेरी गोळ्यांनी भरून, तोंडे वर करून, खालून मारा करत राहिल्या. पहिल्याच माऱ्यात स्पॅनिश कप्तान ठार झाला. शेवटी ‘स्पीडी’चे डॉक्टर गथ्री यांना सुकाणूवर ठेवून बाकी सारे शत्रूच्या डेकवर चढले. त्यामुळे एका बाजूच्या तोफांच्या मागच्या टोकांखालच्या पाचरी मी काढून ठेवणार आहे, म्हणजे तोंडे वर उचललेली दिसतील.

या विजयानंतर कॉक्रेन यांनी आपल्या लेफ्टनंट पार्कर यांच्या बढतीसाठी आग्रह धरला. ‘स्पीडी’वर मृतांची संख्या फार थोडी, असे कारण नौदलप्रमुख लॉर्ड सेंट व्हिन्सेंट यांनी दिले. ज्या लढाईने तुम्हाला उमरावपद मिळाले, तिच्यात तुमच्या जहाजावर एकच माणूस मेला होता, असे कॉक्रेन यांनी उत्तर दिले. हिशेब खरा होता, पण तो त्यांना आयुष्यभर महाग पडला. १८१४ साली शेअर बाजारातील फसवणुकीच्या खटल्यानंतर नौदलातून बडतर्फी, मग चिली, ब्राझील व ग्रीस यांच्या नौदलांची सेनापतिपदे, आणि १८३२ साली स्वदेशी नौदलात पुनर्प्रवेश हा पुढचा प्रवास आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहेच.

पुढच्या टप्प्यात तोफांचे गाडे रंगवून बसवायचे आहेत आणि त्यानंतर खालच्या डोलकाठ्यांचे दोर. त्या काळच्या चार पौंडी तोफेच्या गाड्याला दोर बांधण्याच्या कड्या नेमक्या कोठे असत, याची रेखाचित्रे कोणाकडे असतील तर अवश्य दाखवावीत. गाडे चिकटवण्यापूर्वी ती पाहायला मिळाली तर फार मदत होईल.